अजून अर्धी बाटली हाय की!

शाहूवाडी तालुक्यात फाउंडेशन संपत नाही. गॅस संपतो, दूध संपतं, पावसाळ्यात वीज तर बोलता बोलता जाते. पण फाउंडेशनची बाटली संपली म्हणून नवी आणली, असं मलकापूरपासून आंबा गावापर्यंत कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. बाटली हरवते, फुटते, नणंदेच्या पिशवीतून मुंबईला परत जाते, घरातलं पोर ती भिंतीला फासतं. संपत मात्र नाही.

ह्याला कारण आमचं वर्षाचं वेळापत्रक. भात, नाचणी, ऊस आणि जनावरं ह्यांच्यातून सवड काढून तोंड रंगवायचं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, उन्हाळ्यातल्या लग्नांना आणि गौरी आल्या की. वर एखादं बारसं, एखादी वास्तुशांत. एरवी आरशापुढे हात जातो तो पावडरच्या डब्याकडे. आता साधा हिशेब करा. बाटली तीस मिलीची. एका वेळेला अर्धा मिली लागतो असं धरलं, तर एका बाटलीत साठ समारंभ बसतात. वर्षाला सहा समारंभ म्हटले तरी दहा वर्षांची बेगमी झाली. बाटलीच्या बुडाशी मात्र झाकण उघडलेल्या डबीचं एवढंसं चित्र असतं आणि त्या डबीच्या पोटात लिहिलेलं असतं '१२ एम'. म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. उरलेल्या नऊ वर्षांचं काय करायचं, ते कंपनी सांगत नाही.

ह्या चित्राकडे आमच्या घरात कुणाचं लक्षच गेलं नव्हतं असं नाही. थोरल्या जाऊबाईंनी ते पाहिलं होतं आणि 'एम' म्हणजे मिडियम, असा अर्थ लावून त्या मोकळ्या झाल्या होत्या. "माझं त्वांड मिडियमच हाय की," म्हणाल्या आणि निर्धास्त वापरत राहिल्या. बरं, त्यांचं म्हणणं खोडून काढावं असं त्या चित्रात काही नाही. इतक्या बारीक अक्षरात, तेही बाटलीच्या बुडाला, आणि बाटली उलटी करून वाचायला गेलं तर झाकण सैल असल्यामुळे ओघळ थेट साडीवर. ज्याला कुणाला वाचू द्यायचं नव्हतं त्यानं जागा फार विचारानं निवडलेली दिसते.

खरं म्हणजे बाटलीला दोन मुदती असतात. पहिली छापील, अमुक महिना अमुक साल, ह्याच्या आत वापरा. आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे ती वेष्टनावर द्यावीच लागते. पण ही मुदत सीलबंद, नीट ठेवलेल्या बाटलीची. झाकण फिरवलं, आत हवा गेली, की दुसरी मुदत सुरू होते, आणि ती त्या उघड्या डबीच्या पोटात लिहिलेली असते. युरोपात २००५ पासून हे चित्र सक्तीचं झालं, तेही न उघडता तीस महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या मालाला. अमेरिकेत तर सौंदर्यप्रसाधनांवर शेवटची तारीख छापलीच पाहिजे असा सरसकट कायदा नाही. त्यामुळे न्यू जर्सीच्या चुलत जावेनं मोठ्या मायेनं आणलेली बाटली आम्ही चौघी मिळून चारी बाजूंनी फिरवली तरी तारीख सापडत नाही आणि तारीख नाही म्हणजे मरण नाही, असा निकाल आत्या देऊन टाकतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या बाजूला सासूला आत्याच म्हणायची पद्धत आहे.

छापील मुदत एक वेळ शोधता येते. काही दुकानदार किमतीचं लेबल नेमकं तिच्याच डोक्यावर चिकटवतात, पण नखानं ते निघतं. दुसऱ्या मुदतीचं तसं नाही. बाटली उघडली कधी, हे कुणाला आठवतंय? आमच्याकडे तर ती बहुतेक वेळा उघडूनच येते. ह्या तालुक्यातली निम्मी घरं पूर्वी मुंबईच्या गिरण्यांवर उभी राहिली. गिरण्या गेल्या, माणसं मुंबईतच राहिली, आणि गणपतीला एसटीनं, आता स्वतःच्या गाडीनं, गावाकडे येत राहिली. आमच्या वन्संही येतात. येताना त्यांच्या पिशवीत गावच्या भावजयांसाठी काही ना काही असतं आणि त्यात हमखास एक अर्धी बाटली. "मला ही शेड जरा उजळ पडती गं, तू लाव." आता वन्संना उजळ पडणारी शेड मला कशी बसणार? पण माहेरवाशिणीच्या हातचं नको म्हणायचं नाही. मी ती दोनदा लावते, दोन्ही वेळा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते आणि मग भाचीला देते. भाची कॉलेजात जाते, तिला कुठलीही शेड चालते. ह्या प्रवासात बाटली नेमकी केव्हा उघडली, ह्याची नोंद कुठेही नसते. सातबाऱ्यावर निदान फेरफार तरी पडतो.

आणि गंमत अशी की नासलेलं ओळखण्यात आमच्या बायकांचा हात कुणी धरणार नाही. आत्यांचंच घ्या. घाण्यावरून आणलेल्या शेंगतेलाचा डबा कुणी उघडला, तर त्या चुलीपाशी बसल्या जागेवरून सांगतात, "खवट झालंय. दिव्याला काढ." दूध तापवायच्या आधी पातेलं नाकाशी नेऊन ते आज फाटणार की नाही हे सांगतात. वर्षाचं तिखट करताना खोबरं जुनं असेल तर तो बेत तिथंच मोडतात. पण फाउंडेशनसमोर ह्याच नाकाला काय होतं कोण जाणे. बाटली शहरातून आलेली असते, काचेची असते, झाकणावर सोनेरी रंग असतो, आणि सातशे रुपये मोजलेले असतात. तिचा वास आला तर तो 'सेंटचा' असणार, असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. वास्तविक त्या बाटलीत तेलंच असतात आणि तेल बाटली बघून खवट व्हायचं थांबत नाही.

गेल्या दसऱ्याच्या साफसफाईत मी कपाटातली सगळ्यात ज्येष्ठ बाटली खिडकीच्या उजेडात नेऊन एकदाची नीट बघितली. वर पिवळसर तेलाचा बोटभर थर चढलेला, खाली बदामी गाळ बसलेला. काचेच्या कडेला आतून बारीक कणांची एक रेघ वाळून चिकटलेली. थर वेगळे झाले म्हणजे बाटली मेलीच, असं नाही. काही फाउंडेशनं मुळातच हलवून लावायची असतात, आणि तसं त्यांच्यावर लिहिलेलंही असतं. म्हणून मी ती चांगली खळखळून हलवली. मिसळल्यासारखी झाली, आणि मी ओढणी सावरेपर्यंत तेल पुन्हा वर यायला लागलं. पंप दाबला तर आधी नुसतं पाणी, मग एक फुसका आवाज, मग एक घट्ट गोळा. तो हाताच्या पालथ्या बाजूला पसरवला. सलग पसरायच्या ऐवजी त्याचे ठिपके ठिपके राहिले, मधे कातडी तशीच. जरा वेळानं बघते तर रंग बदामीवरून नारिंगीकडे निघालेला. आणि वास म्हणाल तर, शाळेत चित्रकलेच्या तासाला तेलकट खडूंची पेटी उघडली की यायचा तो. ह्या सगळ्यातलं एकच लक्षण दिसलं असतं तर बाटलीला संशयाचा फायदा देता आला असता. इथे चारही साक्षीदार एकाच बाजूनं बोलत होते.

आत काय घडतं, हे जरा बघण्यासारखं आहे. द्रवरूप फाउंडेशन म्हणजे पाणी आणि तेल ह्यांचं जुळवून आणलेलं लग्न. त्यांना एकत्र धरून ठेवणारा एक पदार्थ असतो. तो दमला की दोघं आपापल्या माहेरी जातात. काही फाउंडेशनांत तेलाच्या जागी सिलिकॉन असतं, ती जरा जास्त टिकतात. पाणी आलं म्हणजे जंतू आले, म्हणून फिनॉक्सीइथेनॉल किंवा पॅराबेनसारखं परिरक्षक घातलेलं असतं. त्याची ताकद मोजकी. दर वेळी आपण बोट बुडवतो, तेव्हा ते बोटावरच्या जंतूंशी थोडं लढतं आणि थोडं खर्च होतं. म्हणून तोंड रुंद असलेली डबी पंपाच्या बाटलीच्या आधी जाते, आणि पाणी नसलेली कोरडी कॉम्पॅक्ट पावडर दोघींच्या मागून, दोनेक वर्षांनी. 'हर्बल' लिहिलेलं कधी नासत नाही, ही समजूत तर उलटीच धरावी. परिरक्षक कमी असेल तर ते आधी नासतं.

एवढ्या सगळ्यात टिकून राहतो तो रंग. गव्हाळ, बदामी, मधाळ ह्या सगळ्या छटा तीन-चार रंगद्रव्यांतून निघतात. पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळी, तांबडी, काळी लोह ऑक्साइडं. लोह ऑक्साइड म्हणजे गंजाच्याच गोत्रातलं. आंब्याच्या बाजूला जांभा दगड आणि तांबडी माती आहे ना, तिला तिचा रंग ह्याच लोह ऑक्साइडनं दिलाय. कारखान्यात ते शुद्ध, कृत्रिम करून घेतात, कारण मातीतल्या नैसर्गिक लोहाबरोबर शिसं आणि आर्सेनिकसारखी नको ती मंडळीही येऊ शकतात. म्हणजे आमच्या शेतात पायाला लागलेला रंग आम्ही दगडानं घासून धुतो, आणि त्याचाच शुद्ध भाऊ सातशे रुपये देऊन तोंडाला लावतो. तो भाऊ कधी नासत नाही. जुन्या बाटलीचा रंग गडद दिसतो तो तेलं हवेनं बिघडल्यामुळे, आणि पाणी उडून गेल्यानं रंगद्रव्य दाट झाल्यामुळे.

हे पाणी उडालं की आमच्याकडचा हुकमी इलाज सुरू होतो. "जरा पाणी घाल आन् हालीव." घट्ट झालेल्या नेलपॉलिशपासून शाईपर्यंत हाच उपाय चालत आलेला आहे. कुणी गुलाबपाणी घालतं, कुणी खोबरेल, कुणी तोंडाला लावायची क्रीम. बाटली तात्पुरती तरुण होते, हे खरं. पण नळाच्या पाण्याबरोबर नवे जंतू आत गेले, आणि आधीच दमलेलं परिरक्षक आणखी पातळ झालं. खोबरेल घातलं तर जे थोडं जुळून होतं तेही फुटतं. असल्या बाटलीनं प्रत्येकीचा चेहरा बिघडतोच असं नाही. बऱ्याच जणींना काहीच होत नाही आणि तेच आत्यांचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र आहे. पण कुणाला खाज सुटते, कुणाला लाल चट्टे उठतात, कुणाच्या कपाळावर पिवळ्या तोंडाच्या पुटकुळ्या येतात. त्या नेमक्या हळदीच्या दिवशी येतात. मग त्या झाकायला तेच फाउंडेशन आणखी जाड थरानं लावलं जातं. डोळ्यांच्या कडेला लावताना तर जास्तच जपावं. मस्करा तीन-चार महिन्यांत टाका म्हणतात, ते डोळ्यांसाठीच.

ह्या बाबतीत बांबवड्याच्या पार्लरवाल्या ताईंचं मला कौतुक वाटतं. लग्नसराईत त्यांच्याकडे एका दिवसात इतके चेहरे होतात की बाटलीला म्हातारं व्हायला सवडच मिळत नाही. त्यांचं फाउंडेशन कायम आमच्यापेक्षा तरुण. त्यांचा प्रश्न वेगळा. एकच स्पंज नवरीपासून करवलीपर्यंत सगळ्यांच्या गालांवरून फिरतो. म्हणून बाटलीतून छोट्या चमच्यानं थाळीवर काढून घेतात का आणि स्पंज धुऊन सुकवलेला असतो का, एवढं मी खुर्चीवर बसण्याआधी बघून घेते. घरच्या स्पंजाबद्दल बोलायलाच नको. तो आमच्याकडे फाउंडेशनपेक्षाही जुना आहे.

पूर्वी हा सगळा घोळ नव्हता, असं आत्या म्हणतात. पूर्वीचं तसं म्हटलं तर फारच टिकाऊ होतं. युरोपातल्या मोठ्या घरच्या बायका शतकानुशतकं शिशाचा सफेदा चेहऱ्याला लावत. तो वर्षानुवर्षं नासत नसे. नासायचा तो चेहरा. पुढे लुडविग लाइशनर ह्या जर्मन ऑपेरा गायकानं १८७३ च्या सुमारास बर्लिनमध्ये नटांसाठी तेलकट रंगांच्या कांड्या काढल्या, आणि रंगीत चित्रपट आल्यावर १९३० च्या दशकाच्या अखेरीस मॅक्स फॅक्टरचा पॅनकेक आला. नाटक-सिनेमावाल्यांच्या रंगपटात हा माल रोज लागायचा आणि रोज संपायचा. कोल्हापूर तर सिनेमाचंच गाव. प्रभातनं १९२९ साली तिथंच बस्तान मांडलं होतं. पण तिथला पॅनकेक घाट चढून आमच्या घरांपर्यंत आला नाही. आमच्याकडे आला तो स्नो. मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ साली काढलेला अफगाण स्नो, मग इतर स्नो. आणि १९५२ साली टाटांनी लॅक्मे काढल्यावर हळूहळू रंगही आले. आत्यांच्या लग्नातल्या स्नोची रिकामी डबी अजून आमच्याकडे आहे, तिच्यात सुया असतात. म्हणजे त्या काळी वस्तू संपत होती, ह्याचा पुरावा घरातच आहे.

बाटली लवकर म्हातारी करायला आमची हवाही हातभार लावते. मृगापासून दसऱ्यापर्यंत इथे पाऊस नुसता पडत नाही, मुक्कामाला असतो. कपाटातल्या चपलांना बुरशी, लग्नाच्या अल्बमला बुरशी, लाकडी पाटाला बुरशी. मग तोंडाला लावायची बाटली तेवढी सोवळ्यात कशी राहील? पाऊस संपला की उन्हाळ्यात पत्र्याखालचं कपाट असं तापतं की हात लावून बघावं. काही जणी ती बाथरूमच्या फळीवर ठेवतात, तिथे वाफ. काही जणी गाडीच्या पुढच्या कप्प्यात, वाटेत लावायला, तिथे ऊन. खरं तर तिला कोरडी, सावलीची, गार जागा हवी. आमच्या घरात अशी एकच जागा आहे आणि तिथे आत्यांनी बियाण्याची नाचणी ठेवलीय. ह्या वादात मी नाचणीच्या बाजूनं आहे.

खिडकीतल्या त्या तपासणीनंतर मी निकाल जाहीर केला आणि घरात बाटलीचा एकदम भाव चढला. "टाकतीस? अगं, अजून अर्धी बाटली हाय की!" आत्या म्हणाल्या. "सातशे रुपय मोजल्यात." मी म्हटलं, आत्या, तेल खवट झालं की तुम्ही खाता का? "तोंडाला लावायचं हाय, खायाचं न्हाई." म्हटलं, मग तेच तेल वेणीला तरी लावाल का? ह्यावर त्या जरा थांबल्या. मग बाटली हातात घेतली, झाकण उघडलं आणि पहिल्यांदाच, शेंगतेलाचा डबा हुंगावा तशी ती हुंगली. नाक आक्रसलं. पण हार मान्य करायची नाही म्हणून म्हणाल्या, "वास येतोय खरा. तरी पण टाकायची कशाला, म्हणतो मी. ठेव हितं."

थोरल्या जाऊबाईंनी मात्र मुद्दा एका दमात पकडला. त्यांनी तिखटाच्या बरणीवर चिठ्ठी चिकटवतात तशी नव्या बाटलीवर चिठ्ठी लावली. उघडली : कार्तिक. कुठल्या सालचा कार्तिक ते लिहायचं राहिलं, ते मी मागाहून मार्करनं घातलं. आणि नवी बाटली आणली तीही त्यांच्याच सल्ल्यानं सगळ्यात लहान, पंपाची. दोघींचा रंग एकसारखा असल्यामुळे दोघींत एक. वर्षात निम्मी जरी गेली तरी नुकसान थोडं. वन्संना फोन करून सांगितलं की पुढल्या वेळी अर्धी बाटली आणू नका, रिकामी आणलीत तरी चालेल. त्यांनी ते विनोदानं घेतल्यासारखं वाटलं नाही.

जुनी बाटली दोन दिवस देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर होती. तिसऱ्या दिवशी आत्या ती घेऊन शेताकडे गेल्या. माळाच्या कडेला आमच्या नाचणीच्या तुकड्यात बुजगावणं उभं आहे. गव्यांचा कळप त्या बाजूनं उतरतो, रानडुकरंही येतात. बुजगावण्याचं मडक्याचं तोंड पावसानं पार पांढरंफटक झालं होतं. आत्यांनी उरलेली अर्धी बाटली सगळीच्या सगळी त्याच्यावर ओतली, हातानं सारखी केली आणि वर कोळशानं डोळे काढले. शेजारच्या बांधावरून कुणी विचारलं असेल, कारण संध्याकाळी गावभर झालं होतं की ह्यांच्या बुजगावण्याला मेकअप केलाय. भाचीनं जाऊन त्याच्याबरोबर फोटो काढला. फोटोत दोघांची शेड एकच दिसते, ह्यावरून तिचं आणि माझं थोडं वाजलंही.

गवे त्याच आठवड्यात आले. खालच्या वावरातला ऊस तुडवून गेले. नाचणीत मात्र शिरले नाहीत. वाऱ्याची दिशा वेगळी होती, असं ह्यांचं म्हणणं. आत्यांनी वन्संना स्वतः फोन करून सांगितलंय की अर्ध्या बाटल्या असतील तेवढ्या घेऊन ये.